रिकामी चकती

११ जून

दादा,

तीर्थरूप लिहिणार नाही, साष्टांग नमस्कारही घालणार नाही. ताठ बसून लिहिते आहे. चार महिने झाले, तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून हा कागद. कागदाला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण त्यासाठी तो आधी हातात घ्यावा लागतो.

बातमी अशी आहे की रिकाम्या चकतीला कॅन्सर झालाय.

चेष्टा करत नाहीये. आज सकाळी साडेनऊला मी लॅबमध्ये नव्या चकत्या यंत्रात लावत होते. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण उद्या हे पत्र तिसऱ्या कुणाच्या हातात पडलं तर त्यालाही कळलं पाहिजे. प्लॅस्टिकची बांगडीएवढी चकती, मधे भोक, भोकात ऑपरेशनमध्ये काढलेला नखाएवढा तुकडा, आणि तो पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टेप. त्यातून एक्स-रेचा बारीक झोत सोडायचा. बहुतेक झोत सरळ पार जातो. थोडासा वाटेत विखुरतो आणि मागच्या पडद्यावर त्याची फिकट वर्तुळं उमटतात. चरबीची वर्तुळं वेगळी, गाठीची वेगळी. डोळ्यांना तो फरक नीट दिसत नाही, म्हणून तू दोनशे चोवीस चकत्या दाखवून तुझं डीप लर्निंगचं मॉडेल शिकवलंस. त्याचं लाडाचं नाव शहाणा. शहाण्याला वर्तुळं दाखवली की तो सांगतो, निरोगी की कर्करोग, आणि शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर सांगतो. त्यावर तुझा पेपर, त्यावर तुझी डॉक्टरेट, त्यावर तुझी कंपनीतली नोकरी.

आज एका चकतीत मी तुकडा ठेवायलाच विसरले. धांदरट हे नाव तूच ठेवलंयस ना मला? दोन्हीकडून लॅबची नेहमीची पिवळी टेप चिकटवली, मधे नुसती हवा, आणि दिली यंत्रात लावून. शहाणा म्हणाला, कर्करोग, अठ्ठ्याण्णव टक्के. हवेला!

तीनदा लावली, तीनदा तेच. मग पिवळी टेप काढली आणि साधी पारदर्शक लावली. शहाणा म्हणाला, निरोगी, नव्याण्णव टक्के. पाच मिनिटांत हवा ठणठणीत बरी झाली.

अरे, तुझा शहाणा गाठ बघतच नाही. तो टेप बघतो. पिवळ्या टेपचं स्वतःचं एक वर्तुळ पडतं, पारदर्शकचं तसं पडत नाही, आणि आपले सगळे आजारी नमुने पिवळ्या टेपमध्ये आहेत. मी फ्रिज उघडून मोजले. एकशे बारा पिवळे, सगळे आजारी. एकशे बारा पारदर्शक, सगळे निरोगी. टेप कुणी बदलली, का बदलली, ते आत्ता महत्त्वाचं नाही.

रिकाम्या चकतीचं मोजमाप आधी घ्यायचं आणि ते वजा करायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तू ते गाळलंस. 'कच्चा डेटा द्या, नेटवर्क आपलं आपण शिकेल', सेमिनारमध्ये टाळ्या घेतल्या होत्यास या वाक्यावर. शिकलं ना! त्याला जे सोपं वाटलं ते शिकलं. फेब्रुवारीत मी तुला एवढंच विचारलं होतं की रिकाम्या चकतीची मोजमापं कुठे ठेवलीस. तू म्हणालास, 'शंकेखोर आहेस, अगदी आईवर गेलीस', आणि फोन कायमचा बंद. तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. आज कळलं तुझ्या नाकाला मिरच्या का झोंबल्या.

एक ऑगस्टला तुमचं यंत्र हॉस्पिटलात बसतंय. सध्या गाठ काढल्यावर तिच्या कडा तपासायला पाठवतात, आठ दिवसांनी रिपोर्ट येतो, आणि कडेला आजार उरलेला असला तर बाईला पुन्हा टेबलावर घेतात. तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय, आता आठ दिवस थांबायला नको. शहाणा 'स्वच्छ' म्हणाला की टाके घाला, घरी पाठवा. आणि कंपनीनं पडताळणी कशावर केली? आपल्याच फ्रिजमधल्या साठ चकत्या नेऊन. उंदराला मांजर साक्ष! त्याच माहितीपत्रकात, तुकडा ठेवायच्या तुमच्या डिशचं झाकणही दिसतं. पारदर्शक. आपल्या पारदर्शक टेपच्याच प्लॅस्टिकचं. म्हणजे शहाणा तिथे प्रत्येक बाईला एकच सांगणार, की तू निरोगी आहेस.

मावशी आठवते ना? तिच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी तू बाहेरच्या बाकावर बसून रडलास आणि तिथेच ठरवलंस की हाच विषय घ्यायचा. दुसऱ्यांदा कोणालाही असं झोपावं लागू नये म्हणून. पण ती त्या दुसऱ्या ऑपरेशनमुळे जगली, दादा. शहाणा असता तर तिला टाके घालून घरी पाठवलं असतं.

दोन फोन कर. एक आपल्या लॅबच्या सरांना, एक कंपनीत. पेपर मागे घे. पहिलं नाव तुझं आहे, तुझ्याशिवाय काही हलत नाही.

तुझी,
शंकेखोर


१९ जून

दादा,

पोस्टाची पोचपावती आली. सही तुझीच आहे, शेवटी शेपटी काढलेली. म्हणजे पत्र मिळालंय आणि साहेब मूग गिळून बसलेत.

बाबांना मात्र फोन केलास. पंचेचाळीस मिनिटं! बाबा कमी ऐकू येतं म्हणून फोन लाउडस्पीकरवर ठेवतात, हे विसरलास वाटतं. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. सगळं ऐकलं.

"ती दमलीये, बाबा. थीसिसचं टेन्शन आहे. तिला जरा समजवा."

"काय समजवू?"

"की प्रत्येक गोष्टीत चूक शोधत बसायचं नसतं."

बाबा म्हणाले, "बरं." फोन ठेवल्यावर त्यांनी मला हाक मारली नाही, समजावलंही नाही. चष्मा पुसत बसले. आईच आत आली आणि माझ्या हातातला टॉवेल ओढून म्हणाली, "भाऊ आहे तो तुझा. त्याचं चाललंय तर चालू दे ना बाई!" मी म्हटलं, "आई, हे भावाबहिणीचं नाहीच आहे." ती म्हणाली, "घरात सगळं भावाबहिणीचंच असतं." आता हिला काय सांगू?

सरांकडे गेले होते. त्यांच्या टेबलावर दोन्ही चकत्या ठेवल्या, एक पिवळी, एक पारदर्शक, दोन्ही रिकाम्या. काय झालं ते सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, आणि विचारलं काय? "तू सबमिट कधी करतेस?"

"सर, हवेला कॅन्सर दाखवतोय तो."

"ऐकलं मी. पण रिकामी चकती त्याला कधी शिकवलीच नव्हती. न शिकवलेलं दाखवलंस तर तो काहीही बरळेल. त्यानं काय सिद्ध होतं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. रिकामी चकती हा पुरावा नाही, नुसती शंका आहे. पुरावा हवा तर खऱ्या तुकड्यांच्या टेपा अदलाबदल करून बघायला हव्यात. मी तसं म्हटल्यावर सर म्हणाले, "ते नमुने जुने आहेत, खराब होतील." मी म्हटलं, "मग कंपनीला साठ दिलेत तेव्हा नाही झाले ते?" त्यावर ते मला म्हणाले, दार लावून जा.

आपल्या लॅबचे काका, फ्रिजची किल्ली सांभाळणारे, त्यांच्याकडे गेले. निवृत्तीला पाच महिने राहिलेत त्यांचे. मला वाटलं घाबरतील. त्यांनी किल्ली तर दिलीच, वर नमुन्यांची जुनी वहीही काढून दिली. म्हणाले, "पिवळ्या रिळाची मागणी मी तीनदा लिहून दिली होती ताई. रीळ यायच्या आत तुम्ही दोघांनी सगळं आटपून टाकलंत."

दोघांनी म्हणाले, ते जाऊ दे. म्हातारा माणूस, त्याला काय आठवतंय. वही मी चाळली, त्यात विशेष काही नाही. तारखा, आकडे. तू वहीवर देखरेख ठेवायला हवी होतीस, एवढंच म्हणेन. टेप संपली तर काम थांबवायचं असतं. लॅबचा प्रमुख विद्यार्थी तू होतास की मी? तू लॅबमध्ये कमी आणि सेमिनारच्या मांडवात जास्त, मग खाली काय चाललंय ते तुला कळणार कसं? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही तुझी लहानपणापासूनची खोड.

उद्यापासून अदलाबदल सुरू करते आहे.

बहीण


४ जुलै

दादा,

झालं. वीस आजारी तुकडे पिवळ्यातून काढून पारदर्शक टेपमध्ये भरले, वीस निरोगी तुकडे पिवळ्यात. चिमट्यानं, एकेक, तेरा दिवस. एकही फाटला नाही. धांदरटपणे केलं नाही म्हणून सांगते.

वीसच्या वीस आजारी तुकड्यांना शहाणा म्हणाला, निरोगी. वीसच्या वीस निरोगींना म्हणाला, कर्करोग. एकदाही त्यानं टेप सोडली नाही. अरे शहाण्या, एकदा तरी टेपला चकवायचं होतंस रे, म्हणजे मला वाटलं असतं की थोडी का होईना गाठ बघतोयस!

सरांना कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, कप उचलला, रिकामा आहे हे न बघताच तोंडाला लावला. मग म्हणाले, "पहिलं नाव त्याचं आहे. त्यानं मागे घेतला तर मी सही करतो." मोठे लोक हात कसे झटकतात बघ, पाण्याचा थेंबसुद्धा उडत नाही. मी विचारलं, "आणि हॉस्पिटल?" तर म्हणाले, "तो कंपनीचा विषय आहे." कंपनीला मी लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की हा विषय आमच्या तज्ज्ञांकडे पाठवला आहे. तज्ज्ञ कोण? तू. म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या, झालं!

घरातलं सांगते. बैठकीच्या खोलीत तुझ्या पेपरचं पहिलं पान फ्रेम करून लावलंय, तुला माहीत आहे. बाबा रोज सकाळी त्यावरून फडकं फिरवतात. कालही फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं आहे का गं, तू म्हणतेस ते?"

मी सगळं सांगितलं. बाबांना एक्स-रेचं समजावून सांगावं लागत नाही. छत्तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात फोटो काढले. विखुरलेले किरण म्हणजे त्यांच्या लेखी कचरा. फोटो धुरकट होतो म्हणून ते जाळी लावून अडवायचे ते. तू जेव्हा म्हणालास की मी त्या कचऱ्यातूनच गाठ ओळखणार, तेव्हा ते दिवसभर हसत होते आनंदानं.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "त्याला ती किडनीची गोष्ट आठवत नाही का?" तुला आठवतेच. तूच तर थीसिसच्या पहिल्या पानावर लिहिलंयस, 'बाबांना, ज्यांनी डावं-उजवं शिकवलं'. फोटोवर डावी बाजू कुठली आणि उजवी कुठली हे दाखवायला शिशाची अक्षरं ठेवायचे ते. एकदा एका माणसाच्या किडनीच्या फोटोवर उलटं अक्षर पडलं. बाबांच्या ते जेवताना लक्षात आलं. हातही न धुता ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फोटो माझा, चूक माझी, थांबा." माणूस वाचला. बाबांना मेमो मिळाला आणि बढती तीन वर्षं अडली. आई अजून म्हणते, "गुपचूप नवा फोटो काढला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं?" बाबा दर वेळी एकच सांगतात, "ज्याच्या हातची चूक, त्याच्या तोंडून निघाली पाहिजे."

ही गोष्ट थीसिसच्या पानावर छापायला बरी वाटली तुला. लाज वाटू दे थोडी.

अठ्ठावीस दिवस उरलेत.

बहीण


९ जुलै

तुझं पत्र आलं. पाच महिन्यांनी माझा भाऊ बोलला, आणि किती? तीन ओळी! मी त्या इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या म्हणू नकोस की मी असं लिहिलंच नव्हतं.

'टेपचं मला गेल्या वर्षीच कळलं होतं. वहीत त्या एकशे बारा नोंदी तुझ्या अक्षरात आहेत. तुझ्यासाठी गप्प बसलो, आता तूही गप्प बस.'

माझ्यासाठी?

वा रे वा! नोकरी तुझी, पेपर तुझा, फ्रेम तुझी, आणि गप्प बसलास माझ्यासाठी! माझ्या नावावर पावती फाडायची नाही, दादा. मी तुला कधी सांगितलं की माझ्यासाठी गप्प बस? वर्षभर तू जाणून होतास. वर्षभर! यंत्राची जाहिरात छापली तेव्हा जाणून होतास, फेब्रुवारीत मला शंकेखोर म्हणालास तेव्हा जाणून होतास. मी वेड्यासारखी माझंच डोकं ठिकाणावर आहे का ते बघत होते.

आज पुढे लिहिता येत नाही. रागानं, दुसरं काही समजू नकोस.


१२ जुलै

दादा,

दुसरंही काही होतं. लिहिते.

मला ११ जूनलाच माहीत होतं. फ्रिजचं दार उघडलं आणि त्या पारदर्शक चकत्या दिसल्या तेव्हाच. टेपची टोकं दुमडून ठेवायची माझी सवय आहे, नखानं उचकटायला सोपं जावं म्हणून. एकशे बारा चकत्या, प्रत्येकीचं टोक दुमडलेलं. तुला लिहिलं, टेप कुणी बदलली ते महत्त्वाचं नाही. काका 'दोघांनी' म्हणाले तर त्यांना म्हातारा ठरवलं. वही चाळली, विशेष काही नाही म्हणाले. अख्खं पान माझ्या अक्षरात होतं, 'नमुने भरणारी' या शब्दांपुढे माझी वळणदार सही, मोठी ऐट करून केलेली.

नमुने भरले त्या सुट्टीत मी नुकतीच पदवीची परीक्षा दिली होती. तू म्हणालास, ये लॅबमध्ये, हाताला काम शिकशील. आजारी तुकडे तू स्वतः आधीच भरले होतेस. निरोगी माझ्यावर सोपवलेस. पहिल्या दिवशी मला टेबलाशी उभं करून तू तीन गोष्टी सांगितल्यास. हातमोजे, चिमटा, पिवळीच टेप. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कामाला बसले तर रीळ संपलेलं. काका म्हणाले, मागणी दिली आहे, आठवडा लागेल. मला आठवडाभर थांबायचं नव्हतं, मैत्रिणींबरोबर फिरायला जायचं ठरलं होतं. ऑफिसच्या कपाटातून साधी पारदर्शक टेप आणली. चिकटली. चांगली चिकटली. टेप ती टेप, काय फरक पडतो, असं मी मोठ्यानं म्हटल्याचंसुद्धा आठवतंय. चार दिवसांत सगळं संपवलं आणि तू मला 'शाब्बास' म्हणालास. तुला टेप दिसली नाही, कारण तू चकत्या बघितल्याच नाहीस, पडद्यावरचे आकडेच बघितलेस. ते तुझं.

पण टेप माझी.

महिनाभर मी तुला शिव्या घालते आहे त्यातली अर्धी आग माझी मलाच लागलेली आहे. तरी कमी होत नाहीये हं, तुझ्यावरची! मी चार वर्षांपूर्वी एकवीस वर्षांची मूर्ख मुलगी होते आणि मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. या दोन गोष्टी तराजूत घालून कोणती जड ते तूच बघ.

बाबांना सांगितलं. आईसमोर. आई म्हणाली, "म्हणजे त्यानं तुला झाकलं!" आणि डोळ्याला पदर लावला. बाबांनी कागद-पेन पुढे ओढलं. मग म्हणाले, "हॉस्पिटलात कोण आहे मुख्य?"

मुख्य सर्जन एक बाई आहेत. त्यांना आज पत्र टाकलंय. अदलाबदलीचा कागद जोडलाय. टेप कुणी बदलली ते मात्र पत्रात लिहिलं नाही. ते समोर उभं राहून सांगणार आहे. बाबांनी तसंच केलं होतं.

धांदरट


३ ऑगस्ट

दादा,

परवा तू मला बघितलंस, मी तुला बघितलं, आणि आपण दोघं एक शब्द बोललो नाही. म्हणून हे पत्र. फोन आता सुरू केला आहेस असं आई म्हणते. नकोय मला फोन.

बाबा आणि मी साडेआठलाच पोचलो होतो. सर्जनबाईंनी पत्राला एका ओळीत उत्तर दिलं होतं, 'एक तारखेला ये, तुझी चकती घेऊन ये.' थिएटरच्या शेजारच्या खोलीत तुमचं यंत्र, नव्या पडद्यासकट. तुमचे मॅनेजर हार घातलेल्या पुढाऱ्यासारखे हसत होते. सर कोपऱ्यात. तू यंत्राशी, नव्या बुटांत, आणि बाबा दिसल्यावर तुझा हात टायच्या गाठीकडे गेला. लहानपणी खोटं बोलताना तू कॉलर चाचपायचास, तस्साच.

सर्जनबाईंनी तुमची डिश उचलली, झाकण लावलं, आत काहीही न ठेवता. म्हणाल्या, "लावा." तुमचे मॅनेजर म्हणाले, "मॅडम, रिकामी?" त्या म्हणाल्या, "हो, रिकामीच." पडद्यावर आलं, निरोगी, नव्याण्णव टक्के. मग मी माझी रिकामी पिवळी चकती दिली. कर्करोग, अठ्ठ्याण्णव टक्के. खोलीत एक सिस्टर होती, ती चक्क हसली, आणि मग तिलाच कळलं की हसण्यासारखं नाही. मॅनेजर म्हणाले, किरकोळ आहे, दोन दिवसांत दुरुस्त करू, आजचं ऑपरेशन तेवढं यावर होऊ द्या. तेव्हा तू हात पुढे करून यंत्राचं बटण बंद केलंस. कुणी सांगितलं नव्हतं. ते मी बघितलं, आणि ते मी विसरणार नाही, एवढं लिहिते आणि पुढे जाते.

कारण पुढे तू काय केलंस!

सर्जनबाईंनी विचारलं, "हे नमुने भरले कुणी होते?" माझं तोंड उघडलं होतं. तीन आठवडे मी ते वाक्य आरशासमोर म्हणत होते. आणि तू म्हणालास, "मी."

कुणी अधिकार दिला तुला?

सगळे तुझ्याकडे वळले. सरांनी मान डोलावली, त्यांना ते सोयीचंच होतं. मी 'नाही' म्हटलं ते मॅनेजरांच्या आरडाओरड्यात कुणाला ऐकूच गेलं नाही. आणि तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मोठी भेट दिलीस मला. तुझ्यासाठी गप्प बसलो, तुझ्यासाठी बोललो! दोन्ही वेळा खोटं, आणि दोन्ही वेळा माझ्या नावानं. आधी माझी चूक लपवून ठेवलीस, आता पळवून नेलीस. माझ्या वाट्याला यायचंय ते मला येऊ दे की रे!

मी जिना उतरून खालपर्यंत गेले होते. बाबा पायरीवर थांबले. म्हणाले, "दार बंद झालेलं नाहीये अजून." आम्ही परत वर गेलो. सर्जनबाई हात धूत होत्या, तू निघून गेला होतास. मी वहीची झेरॉक्स त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "नमुने मी भरले. टेप मी बदलली. भाऊ खोटं बोलला." त्यांनी ओल्या हातांनी कागद घेतला नाही, मानेनंच टेबल दाखवलं. वाचून म्हणाल्या, "मग त्यानं काय केलं?" मी म्हटलं, "त्याला वर्षभर माहीत होतं, आणि तो बोलला नाही. पण ते त्यानंच सांगायला हवं." त्या म्हणाल्या, "आजच्या बाईच्या कडा लॅबला जातील, नेहमीसारख्या. तू घरी जा आता."

आज दुपारी त्यांचा फोन होता. लॅबनं तातडीनं बघितलं. त्या बाईच्या एका कडेला आजार आहे. तिला पुन्हा टेबलावर घेणार आहेत. मावशीसारखंच. दादा, मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. आईला कारण सांगता येईना. तिला वाटलं, तुझ्यासाठी रडते आहे.

बाकीचं थोडक्यात. सर म्हणतात, सगळे नमुने नव्यानं, सगळी मोजमापं नव्यानं, म्हणजे आणखी दोन वर्षं. मी हो म्हटलं. काकांनी जायच्या आधी पिवळ्या टेपची सहा रिळं मागवून ठेवलीत. प्रत्येकावर तारीख घातलीये आणि वर म्हणतात, "आता संपली तर माझ्या घरी या, पण कपाटाला हात लावू नका." तुझं कंपनीतलं काय झालं ते आईकडून कळलं. वाईट वाटलं. खोटं लिहीत नाही.

बाबांनी तुझी फ्रेम उतरवली. मी म्हटलं, खिळाही काढते. तर म्हणाले, "राहू दे. त्याचा त्याला काढू दे." भिंतीवर चौकोन राहिलाय आणि मधे खिळा. आई त्यावर काय टांगायचं याच्या विचारात आहे, पण बाबा हात लावू देत नाहीत.

सोबत पेपर मागे घेण्याचं पत्र आहे. सरांची सही झालीये. खाली कारणं म्हणून मी दोन ओळी लिहिल्यात. पहिली ओळ: निरोगी नमुने चुकीच्या टेपमध्ये भरले. तिच्यापुढे माझी सही आहे. दुसरी ओळ: हे कळल्यावरही एक वर्ष सांगितलं नाही. तिच्यापुढची जागा कोरी आहे. तुझ्या ओळीवर तू सही कर आणि पत्र घेऊन स्वतः ये, पोस्टानं पाठवू नकोस. पहिल्या ओळीला हात लावलास, माझं नाव खोडून तुझं लिहिलंस, तर बघ! मी दुसरं पत्र करीन, तिसरं करीन. माझ्याकडे कागद पुष्कळ आहेत.

पाकिटात पेनही टाकलंय. नाहीतर पेन मिळालं नाही म्हणायचास.

नमुने भरणारी,
तुझी बहीण